सही एकाची, मजकूर घराण्याचा

संपादक महोदय,

फोंड्यातल्या छापखान्यात मी ३० वर्षे मुद्रिते तपासली. धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला आणि जनुकीय तपासणीची गोष्ट आली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता : हे वाचतात कसे? डॉक्टरीणबाईंनी हौसेने समजावले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायचा (तांबड्या पेशींत तो नसतोच, हे मला नवीन), त्याचे शे-दोनशे अक्षरांचे तुकडे करायचे. यंत्र रंगीत चमकेवरून एकेक अक्षर ओळखते. अक्षरे चारच : ए, सी, जी, टी. मग संगणक ते तुकडे मूळ प्रतीशी ताडून जागच्या जागी बसवतो. बहिणीची निवडक जनुकेच वाचली. संपूर्ण जीनोम (माणसाचा अख्खा आनुवंशिक मजकूर) म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरे, आणि प्रत्येक जागा साधारण ३० वेळा वाचतात. आम्ही तिसऱ्या वाचनालाच जांभया द्यायचो.

बीआरसीए-१ जनुकात दोष निघाला; तो स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो आणि आई-वडिलांकडून मुलांत उतरतो. म्हणजे तो भाचीत असण्याची शक्यता निम्मी, माझ्यातही तेवढीच. चवथीला मूळ घरी जमलो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, मला हे कळायलाच नको होतं." तिला कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या गोव्यात वडिलोपार्जित भाट (बागायत) विकायचे तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, वर त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही. इथे मात्र एकटीची सही पुरली. तीही इंग्रजी फॉर्मवर, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. शेवटच्या पानावर 'उरलेला नमुना व माहिती संशोधनासाठी' असा चौकोन होता. तिने धास्तीत टिक केली. कुठल्या संशोधनासाठी, किती वर्षे, हे त्यात नव्हते.

संशोधनाला माझा विरोध नाही. देशातल्या १०,००० लोकांच्या जीनोमची माहिती २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ते चांगलेच झाले. पण त्याच वर्षी 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ग्राहकांच्या लाळेतून वाचलेला मजकूर विक्रीला निघाला. तिकडे जनुकीय माहितीवरून भेदभाव होऊ नये म्हणून नोकरी व आरोग्य विम्यापुरता तरी २००८ चा कायदा आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

फॉर्म मराठी-कोंकणीत द्या, आणि संशोधनाची सही ऑपरेशननंतर, वेगळ्या दिवशी घ्या, एवढे तरी करता येईल.

माझे रक्त मी अजून दिलेले नाही. मला दोन मुली आहेत. आधी त्यांना विचारणार.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, फोंडा