हरभऱ्याच्या रानातल्या आक्कांना

ती. आक्का,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या थोरलीकडून वाचून घ्या. आठवीत गेलीय, चष्माही नवा आहे, तेव्हा टाळाटाळ करू देऊ नका. फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "असू द्या वो भाऊ, त्यात काय" म्हणून विषयच मिटवला, आणि वर मलाच विचारलं, जेवलाव का. म्हणून लिहायला बसलो. चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्याशिवाय आणखी काही जणांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यांना ते कळेलच.

तुम्हाला ठाऊक आहे ते बाकीच्यांसाठी सांगतो. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. नायगावचं अभयारण्य मोरांसाठी प्रसिद्ध, पण हरणं काही अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. ती गायरानात असतात, पडीक रानात असतात, आणि हिवाळ्यात हरभरा वर आला की सरळ हरभऱ्यात असतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर येत्या रविवारी तुमच्या धुऱ्यावर गाड्या लागतील.

त्यातल्या एका कळपाचा नर म्हणजे आपला वाकड्या. डावं शिंग छान पिळदार, उजवं मात्र मध्यावरून बाहेर कललेलं. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाचं तसं नाही, एकदा शिंगाला जे झालं ते जन्मभराचं. त्यामुळे कळप कितीही लांब असला तरी वाकड्या ओळखू यायचा. मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो अजून तांबूस होता, मोठ्या नरांच्या कडेकडेनं फिरणारा. मग वर्षागणिक पाठ गडद होत गेली, मान काळी पडली, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं उठून दिसायला लागलं. माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. तिथी असली की मांडव, तिथी नसली की माळ. बायको म्हणते, सवत केली असतीस तर निदान घरी तरी राहिला असतास.

मला त्याचा एकच फोटो हवा होता. पूर्ण काळा झालेला, मान वर, कोवळं ऊन अंगावर, आणि दोन्ही शिंगं आभाळावर वेगवेगळी दिसणारी. कधी धुकं आडवं आलं, कधी ज्वारी आडवी आली, कधी ऐन वेळी कुणाच्या तरी हळदीचं बोलावणं.

आता मदतीचा आव आणणाऱ्यांबद्दल. तालुक्याच्या गावचा एक जण स्वतःला गाईड म्हणवतो. त्यानं आगाऊ पैसे घेतले आणि पहिल्याच फेरीत म्हणाला, "जीप घालू कळपामागं, पळताना लई भारी येतोय फोटो." १९७२ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना दुष्काळ आठवतो, सुकडी आणि खडी फोडणं आठवतं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, जनावर हुसकून मागं लागणंही त्यातच येतं. हे मी त्याला गाडीतच सांगितलं. त्यानं मला फाट्यावर उतरवलं. पैसे अजून यायचेत.

दुसरे आमचे शहरातले हौशी फोटोवाले. हरणांवर यांचं फार प्रेम, छातीवर हरणाचं चित्र छापलेले शर्ट आहेत. वाकड्या हुकला म्हणून मी हळहळलो की हे विचारणार, लेन्स कोणती होती? एकानं तर सांत्वन म्हणून स्वतः काढलेला काळविटाचा फोटो पाठवला. तिसरा म्हणाला, एवढा जीव कशाला टाकतोस, शेजारी कर्जतला रेहेकुरीचं अभयारण्य आहे, तिथं ढिगानं मिळतील. अरे बाबा, लग्नातला नवरा पळून गेला तर शेजारच्या मांडवातला आणून बोहल्यावर उभा करतात का?

तुमच्याकडे मी आलो तो असा सगळीकडून आंबून आलेलो. आसपासच्या रानांत मला कुणी उभं केलं नव्हतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गळ्यात कॅमेरा अडकवलेला परका माणूस दिसला की शेतकऱ्याला आधी वाटतं खात्याचा, नाहीतर कंपनीचा. तुम्ही मात्र गव्हातूनच ओरडून विचारलंत, "काय बघायलाव भाऊ?" मी म्हणालो, हरण. तुम्ही हसलात. "मग बरूबर जागी आलाव. समदे माझ्याच रानात येत्यात."

हसण्यावारी नेलंत, पण मी नंतर तुमचा हरभरा बघितला. कडेच्या सऱ्या नुसत्या काड्या होऊन उभ्या होत्या. शेंडे खुडले की हरभरा जास्त फुटतो हे खरं, पण कळप काही खुडणीला येत नाही, तो घाट्यांसकट साफ करतो. दाजी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला गेलेले, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे फिटेस्तोवर यायचे नाहीत. सासूबाई अंथरुणाला म्हणून या साली तुम्ही मागं राहिलेल्या. रात्री डबा वाजवत राखण तुम्हीच करायची, लाईट रात्रीची असली की पिकाला पाणी द्यायला दारंही तुम्हीच धरायची. भरपाईचा अर्ज केलेला, पंचनामा झालेला, कागद कुठल्या तरी टेबलावर. आणि एवढं सगळं करणाऱ्या जनावराचा फोटो काढायला म्हणून आलेल्या माणसाला तुम्ही धुऱ्यावर जागा दिलीत, वर बसायला पोतं दिलंत.

एक गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात, मी ती विसरलेलो नाही. कुणीतरी तुम्हाला सल्ला दिला होता की रानाभोवती तार ओढा आणि मेन लाईनचा करंट सोडा, एका रात्रीत हरणांचा बंदोबस्त. तुम्ही त्याला म्हणालात, "आन् रातच्याला कुणाचं लेकरू त्या अंगाला गेलं म्हंजी?" मग थोडं थांबून, "हरणाला बी पाडसं असत्यात."

त्या सकाळचं आता लिहितो. थंडी होती, हरभऱ्यावर आंब, म्हणजे त्याच्या पानांचं आंबट पाणी, साचलेली, पँट गुडघ्यापर्यंत भिजून चिकट झालेली. धुऱ्यावर कुसळी गवत वाळून उभं होतं, त्यात मी पोत्यावर पालथा. कळप गायरानाकडून आला. माद्या पुढं, वाकड्या मागं. तो आपल्या ठरलेल्या जागी गेला. हे नर एकाच जागी लेंड्या टाकून हद्द राखतात. तिथं त्यानं हुंगलं, पुढच्या खुरानं माती उकरली. इतका जवळ तो मला कधीच आला नव्हता. टेकडीवरून ऊन उतरत होतं. आधी शिंगांच्या टोकाला लागलं, मग कपाळाला. त्यानं मान वर केली. दोन्ही शिंगं मोकळ्या आभाळावर. माझं बोट शटरवर होतं.

आणि पलीकडच्या रानात सुतळी बॉम्ब फुटला.

पहिली मादी जागच्या जागी उभी उडाली, मग सगळाच कळप. वाकड्या क्षणभर थांबला, मग नाला बांधावरून त्यानं जी झेप घेतली ती मी फक्त डोळ्यांनी बघितली. चित्ता आपल्या देशातून संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, पण चित्त्यासाठी तयार झालेले पाय काळविटानं अजून सोडलेले नाहीत. तासाला ऐंशी किलोमीटर म्हणतात, माझा त्यावर आता पूर्ण विश्वास आहे. कॅमेऱ्यात आलं काय, तर गवत, धूळ आणि कोपऱ्यात मागचा एक खूर. त्यानंतर वाकड्या त्या माळावर मला दिसलेला नाही.

बॉम्ब लावणाऱ्या काकांवर राग धरावा तर त्यालाही जागा नाही. तुम्हीच म्हणालात, "त्यो तरी काय करंल, त्याचा बी हरभरा हाय." राग काढायला कुणी नसलं की ते सगळं आतच राहतं. मी बांधावर येऊन बसलो, बूट काढले, मोजे काढून बाजूला टाकले. मोज्यांत कुसळं इतकी घुसली होती की मूळचा रंग दिसत नव्हता.

तुम्ही चहाचा डबा घेऊन आलात. माझ्याकडे बघितलंत, काही बोलला नाहीत. चहा झाकणात ओतून दिलात, समोर बसलात, आणि माझे मोजे उचलून त्यातली कुसळं काढायला लागलात.

आक्का, लोकांना हे क्षुल्लक वाटेल. म्हणून नीट सांगतो. परक्या माणसाचे मोजे, भिजलेले, घामट. कुसळ उलटं ओढलं की टोक आतच मोडतं, ज्या दिशेनं शिरलं त्याच दिशेनं पुढं ओढून काढावं लागतं. तुम्ही तसंच एकेक काढत होता. नखानं टोक शोधायचं, चिमटीत धरायचं, सावकाश ओढायचं, शेजारच्या दगडावर ठेवायचं. तुमच्या बोटांना गव्हातला चिखल होता, तो आधी पदराला पुसलात. घाई नाही. हात चालू ठेवून, वर न बघता तुम्ही विचारलंत, "कसा दिसला?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मिळाला का, हे सगळे विचारायचे. कसा दिसला, हे कुणीच नाही.

मग मी सांगत सुटलो. ऊन आधी कुठं लागलं, मान कशी वळली, खुरानं माती कशी उडाली. तुम्ही मधेमधे विचारत होता. पोट भरलेलं होतं का? लंगडत तर नव्हता? संगं पाडसं होती का? मी म्हणालो, नव्हता लंगडत, चांगला धडधाकट होता. तुम्ही मान डोलावलीत, "मग झालं की. तारेत न्हाई घावला म्हंजी." आणि पुढच्याच दमाला, "आता माझ्या हरभऱ्यात न्हाई आला म्हंजी मिळवली." तेव्हा मी हसलो, आणि हसता हसता रडलो. चाळिशीचा बाप्या हरणापायी रडतोय हे बघून तुम्ही दुसरा मोजा हातात घेतलात आणि नजर मोज्यावरच ठेवलीत. "पुढच्या बारीला घावंल" असं तुम्ही म्हणाला नाहीत, त्याचेही आभार. त्या सकाळी कुणी ते वाक्य बोललं असतं तर मी कॅमेरा विहिरीत टाकला असता.

लाईट आली तशी तुम्ही उठलात आणि खोरं माझ्या हातात दिलंत. "बसून काय करतावं, दारं धरा." दुपारपर्यंत मी गव्हाला पाणी दिलं. एक वाफा भरला की दार मोडून पुढच्यात सोडायचं, तोवर मागचा फुटायचा, पळत जायचं. वाकड्या डोक्यात होताच, पण पाणी वाट बघत नाही. तळहाताला फोड आले. त्या रात्री किती दिवसांनी मला झोप लागली.

ज्यांचं रान हरणांनी खाल्लं त्यांनी मला जागा दिली, चहा दिला, ऐकून घेतलं. हरणांवर जीव ओवाळणाऱ्यांनी लेन्सचा नंबर विचारला. हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्याकडच्या माणसाला फटकळ म्हणतात, बोलायला रांगडा म्हणतात, असेल. पण दुसऱ्याच्या दुःखाला तो मापं लावत बसत नाही. तुमची उचल, सासूबाईंचं आजारपण, पोरीची फी, हे सगळं माझ्या हरणापुढं ठेवून "तुझं ते काय दुःख" असं तुम्ही म्हणू शकला असता आणि मला तोंड वर करायला जागा राहिली नसती. तसा विचारही तुमच्या मनाला शिवला नाही. बॉम्बवाले काकासुद्धा संध्याकाळी ओशाळून आले, डहाळ्याची पेंढी माझ्या गाडीला बांधून गेले. त्यांना माझा नमस्कार सांगा. हुळा घरी सगळ्यांनी मिळून खाल्ला.

मी बरा आहे का? तसा आहे. मांडवात अंतरपाट धरलेला असताना मधेच नाला बांध डोळ्यापुढं येतो आणि दोन-तीन अक्षता माझ्या हुकतात. खुराचा तो फोटो कार्डात आहे, पुसलेला नाही.

एक कामाचं राहिलं. सोलरच्या झटका मशीनची चौकशी केलीय. त्यात धक्का क्षणाचा असतो, जनावर मरत नाही, फक्त मागं फिरतं. दाजी आले की दोघं बोलून ठरवा. अर्जाचे कागद मी भरून देतो. बसवायचं ठरलं तर खांब रोवायला आणि तारा ओढायला मला बोलवा, तिथी नसलेला दिवस सांगा फक्त. वाकड्या तुमच्या हरभऱ्यात शिरू नये म्हणून मी स्वतः खड्डे घेईन. त्याचा फोटो मी गायरानातच काढीन.

सासूबाईंना नमस्कार. थोरलीनं इथपर्यंत न अडखळता वाचलं असेल तर तिला माझ्याकडून एक पेन लागू.

आपला,
बीडचा फोटोवाला भाऊ