आकाशातल्या गटाचा सातबारा कुणाच्या नावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर गेल्या आठवड्यात 'वडिलांच्या नावे आकाशात तारा' अशी बातमी फोटोसह आली. फोटोत सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र धरून उभा आहे तो माझा भाचा. बाजूला डोक्यावर पदर घेतलेली माझी थोरली बहीण. म्हणून हे पत्र लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय, आणि खाली नाव छापू नये ही विनंतीही त्यासाठीच. पण चौतीस वर्षं मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. कुणी कुणाला जागा विकली असं ऐकलं की हात आधी रेकॉर्डकडे जातो. जागा आकाशातली असली म्हणून सवय सुटत नाही.

घडलं ते असं. भाऊजींच्या वर्षश्राद्धाला भाचा पुण्याहून आला तो हे प्रमाणपत्र घेऊनच. "मामाजी, बाबाच्या नावानं तारा घेतला म्या. सिंह राशीतला. आता कायमचा आपला हाय." किती दिले, तर चार हजार नऊशे. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी दुकानं एक सोडून दहा आहेत. पोराची माया खरी होती, पंगत बसायची होती, मी गप्प राहिलो. रात्री स्लॅबवर अंथरुणं टाकली तेव्हा ताईनं वर पाहत विचारलं, "कोणता रे तो?" मी मघा दाखवली, तिच्यावरचा विळ्याचा आकडा दाखवला. नेमका तारा कसा दाखवणार? प्रमाणपत्रावर त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ११ लिहिलेली; हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, तेही आमच्या चौकातला हायमास्ट बंद असेल तर. निवृत्तीनंतर घेतलेल्या माझ्या द्विनेत्रीतूनही तो दिसला नाही. नवऱ्याच्या नावचा तारा आणि तोच दिसत नाही, याचं ताईला त्या रात्री फार लागलं. खरं तर पत्र लिहायला मी तिथेच तयार झालो.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन बसलो. आकाशात अक्षांश-रेखांशाच्या जागी क्रांती आणि विषुवांश असतात. प्रमाणपत्रावर दोन्ही होते, पण विषुवांश तास आणि मिनिटांवर संपलेला, सेकंद गाळलेले. क्रांती अंश आणि कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). मोजणीच्या भाषेत सांगायचं तर गट नंबर दिला, चतुःसीमा नाही. एवढ्या आकड्यांत आकाशाचा जो तुकडा बसतो तो जवळपास पंधरा कला लांब आणि एक कला रुंद, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या लांबीचा, धुऱ्यासारखा, म्हणजे शेताच्या बांधासारखा, चिंचोळा पट्टा. त्या धुऱ्यावरचं कोणतं झाड आपलं, हे कागद सांगत नाही.

मग रेकॉर्ड काढलं. ते कुणालाही काढता येतं, हे मुद्दाम सांगतो. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला खगोलीय नोंदींचं एक केंद्र १९७२ पासून आहे. जगभरच्या ताऱ्यांच्या याद्या तिथे एकत्र ठेवल्यात. लॉगिन नाही, फी नाही, चहापाणी नाही. आकडे टाकले की आकाशाचा तो तुकडा फोनवर उघडतो आणि त्यावर युरोपच्या, तारे मोजणाऱ्या गाया यानाची यादी पसरता येते. गाया २०१३ च्या डिसेंबरात सुटलं, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन बसलं आणि जानेवारी २०२५ पर्यंत मोजत राहिलं. जून २०२२ मध्ये त्याची जी तिसरी यादी निघाली तिच्यात सुमारे १८० कोटी नोंदी आहेत. आमच्या पट्ट्यात त्यातल्या सतरा निघाल्या. सोळा अगदी मिणमिणत्या. एकच ११ व्या प्रतीच्या आसपास, तेव्हा तोच असणार असं धरून चाललो.

त्या ताऱ्याचा उतारा मी शांतपणे वाचला. संपादक महोदय, आयुष्यभर उतारे वाचलेल्या माणसाला तो वाचताना काय वाटलं ते कसं सांगू? दीडशेच्या आसपास रकाने. जागा, तेज, रंग, वर्षाला कोणत्या दिशेला किती सरकतो. हो, तारे सरकतात. आकाशात हद्दीचा दगड जागेवर राहत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीवर मोजणीची तारीख मानावी लागते. या यादीची तारीख २०१६ सालाची सुरुवात. आणि मोजमापाच्या प्रत्येक आकड्याशेजारी आणखी एक रकाना: या आकड्यात चूक किती असू शकते त्याचा. आम्ही तेहतीस फुटांच्या साखळीनं मोजायचो. उन्हात साखळी लांबायची, काळ्या मातीत पाय रुतायचा, धरणारा पोऱ्या ढील द्यायचा. चूक व्हायचीच, सगळ्यांना ठाऊक असायची. पण 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, ती लिहायला जागा नव्हती. ती असती तर निम्मे धुऱ्याचे वाद कोर्टात न जाता पारावरच मिटले असते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा तारा जागेवरून किंचित हलल्यासारखा दिसतो, त्या कोनाला लंबन म्हणतात. आमच्या ताऱ्याचं लंबन विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) हजाराव्या भागाच्या दुपटीहून जरा जास्त, म्हणजे अंतर साधारण दीड हजार प्रकाशवर्षं. आज ताईच्या स्लॅबवर पोचणारा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा इकडे वाशीमला वाकाटक राज्य करत होते. आणि त्या लंबनातली संभाव्य चूक किती? यवतमाळहून हजार किलोमीटरवर, म्हणजे दिल्लीच्याही पुढे, माणसाचा एक केस धरला तर त्याची जाडी दिसेल एवढी.

दीडशे रकान्यांत एक रकाना मात्र कुठेच नाही. कब्जेदाराचा.

भाच्यानं कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की नाव 'आमच्या नोंदवहीत' चढवलं आहे. घरच्या वहीत नाव लिहून जमीन आपली होत असती तर आमच्या गावची निम्मी शिवारं एकट्या पोलीस पाटलाच्या नावे असती. ताऱ्यांची अधिकृत नावं ठरवते ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, आणि ती नावं विकत नाही. १९१९ ची ही संघटना. शंभर वर्षं झाली तेव्हा तिनं प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला, फुकट. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ या क्रमांकाचा तारा आला. त्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव मिळालं आणि ग्रहाला 'संतमस'. हे संतमस पुण्याच्या एका शाळकरी मुलानं सुचवलेलं. त्याला खर्च आला असेल तो डोकं चालवण्याचा.

नुसतं 'फसवणूक' म्हणून पत्र संपवता आलं असतं. पण त्या रात्री शोधता शोधता एक गोष्ट हाती लागली, ती आपल्या वाचकांना, विशेषतः वऱ्हाडातल्यांना, सांगायलाच हवी. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलं की सगळ्या आकाशाची फोटोवरून मोजणी करायची. वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. आकाशातल्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सांतियागोकडे होता, तो पुढे आला हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचाच मुलूख. म्हणजे एका परीनं ही आमच्याच सरकारची मोजणी! काचेची तबकं, प्रत्येकीवर दोन अंश बाय दोन अंशांचं आकाश. काचेवर पाच पाच मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी उमटवलेली आणि प्रमाण एक मिलिमीटरला एक कला. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. जाळी, प्रमाण, पट्टा, तबकागणिक वही. हे तर आमचंच काम! माणसं सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिपका मोजून वहीत आकडे लिहीत होती. असं दशकानुदशकं.

आणि त्या वह्या रद्दीत गेल्या नाहीत. जगभरातल्या अशा जुन्या याद्या १९९० च्या दशकात संगणकावर घेतल्या आणि गायाच्या आधी तारे मोजलेल्या हिप्पार्कोस यानाच्या मोजणीशी ताडून पाहिल्या. जुनी जागा वजा नवी जागा, भागिले मधली वर्षं, की तारा वर्षाला किती सरकतो ते कळलं. त्यातून २००० साली निघालेल्या टायको-२ या यादीत पंचवीस लाख तारे आहेत. जुनं टिपण नव्या मोजणीशी लावायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मात्र ज्या कार्यालयात मी शेवटची सहा वर्षं काढली तिथे पावसाळ्यात टिपणांचे गठ्ठे ओले झाले, आणि बुरशी आलेला गठ्ठा उन्हात वाळवणारा मी एकटाच होतो. असो, तो विषय वेगळा.

जाता जाता एक. हल्ली मोजणीला रोव्हर घेऊन येतात, उपग्रहावरून जागा काढतात. पृथ्वी क्षणोक्षणी किती फिरली याचा हिशेब त्या उपग्रहांना लागतो, आणि तो ठेवला जातो अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसार नावाच्या, जागेवरून हलताना न दिसणाऱ्या तेजस्वी ठिपक्यांकडे रेडिओ दुर्बिणी रोखून. तेव्हा आमच्या दारव्ह्याच्या धुऱ्याचा दगड अखेर तिकडेच ठोकलेला आहे.

आता मागणी. एक, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत खुलासा छापावा. भाच्याचं नाव पुन्हा नको. दुसरी जरा मोठी आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही लागला आहे आणि त्यावर बहुतेक वेळा कवितांच्या चाली वाजतात. त्याच टीव्हीवर अमेरिकेतल्या स्लोन या आकाश-सर्वेक्षणाची चित्रं उघडता येतात. २००७ मध्ये त्याच सर्वेक्षणातली दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांची, चित्रं लोकांसमोर टाकून त्यांचे आकार ओळखायला सांगितले, तेव्हा हानी वान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळेच्या बाईंना एका दीर्घिकेजवळ विचित्र निळा डाग दिसला. त्यांनी विचारलं, हे काय? कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो, आणि त्यासाठी त्यांनी कुणाला चार हजार नऊशे दिले नाहीत. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला तोही याच खुल्या नोंदींतून. चिलीतली रुबिन वेधशाळा, जिची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली, ती तर दहा वर्षं रोज रात्री सुमारे वीस टेराबाइट भर घालणार आहे. पाहायला डोळे कमी पडणार आहेत. आपण रविवारच्या पुरवणीत चार बोटं जागा दिलीत, तर एकेक तारा घेऊन त्याचा उतारा कसा वाचायचा ते मी लिहून देईन. मानधन नको.

ताईला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "मंग त्याले नावच नाही का?" नाव नाही, पण नंबर आहे, असं सांगितलं. तिनं चौकट भिंतीवरून काढली, उलटी केली आणि माझ्यापुढे ठेवली. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मी स्केचपेननं नंबर लिहिला, अठरा आकडी. खाली विषुवांश आणि क्रांती, सेकंदांसकट, आणि त्यांच्याखाली दोन्हींतली चूक. तिनं बोट ठेवून एकेक आकडा मोजला.

"आधारपेक्षा लंबा नंबर हाय यायचा," ती म्हणाली, आणि चौकट तशीच, पाठ पुढे करून, खिळ्याला लावली.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ