वादळ किनाऱ्यावर थांबत नाही, मंत्रीमहोदय

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची घेतो, खरं तर घ्यायचो. समुद्र मी आयुष्यात चार-पाच वेळाच पाहिलाय. तरी हे पत्र चक्रीवादळाबद्दल आहे.

3 जून 2020 ला दुपारी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा टाळेबंदीमुळे आम्ही सगळे टीव्हीपुढेच होतो. अलिबागचा किनारा, रेनकोट घातलेला वार्ताहर, वाकलेले माड. आई म्हणाली, “बिचारे कोकणातले.” श्रीवर्धनपासून जुन्नर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री. संध्याकाळच्या आत तोच वारा आमच्या पत्र्यांवर होता. पॉलिहाऊसचा प्लास्टिकचा कागद आधी शिडासारखा फुगला, मग पाइपांसकट उचलला गेला आणि शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडला. आमच्या वाडीत वीज अकराव्या दिवशी आली.

हवामान खात्याला मी दोष देत नाही. किनारा त्यांनी अचूक सांगितला होता, इशाऱ्यात पुणे जिल्ह्याचं नावही होतं. पण भीमाशंकरचं जंगल आणि इंदापूरचं माळरान एकाच जिल्ह्यात येतं. कुठल्या तालुक्यात, किती वाजता, वारा की पाऊस, हे आमच्या वाडीपर्यंत कुणी पोचवलं नाही. पॉलिहाऊसवाल्याला सहा तास मिळाले तर तो स्वतःच्या हाताने कागद फाडतो. वारा आरपार जातो, कागद जातो, सांगाडा राहतो. कर्ज सांगाड्याचं असतं, साहेब, कागदाचं नाही. पुढे पंचनाम्याला माणूस आला तेव्हा त्याच्या फॉर्मवर सांगाड्यासाठी रकानाच नव्हता. तोही बिचारा फॉर्म उलटसुलट करून पाहत होता.

माझं सोडा. आमच्या आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबांचा वर्षाचा रोख पैसा हिरड्यातून येतो. त्या दिवशी हिरडा झडला, कित्येक झाडं मुळासकट गेली. हिरडा ठरला वनोपज, भरपाईच्या निकषांत बसेना. त्या भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं.

जमिनीवर आलं की वादळ मरतं, असं आपण शाळेत शिकलो. खाली गरम समुद्र नसला की त्याचं इंधन तुटतं आणि वारा पडत जातो, हे खरंच. पण पोटात भरून आणलेलं पाणी त्याला कुठे तरी टाकावंच लागतं. मोसमी पावसाने भिजलेली जमीन असेल तर तिच्यातूनही त्याला थोडी वाफ मिळत राहते. उत्तर अटलांटिकमधल्या वादळांवरचा एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथलं वादळ जमिनीवरच्या पहिल्या दिवसात सुमारे 75 टक्के जोर गमावायचं, आता जेमतेम 50 टक्के गमावतं.

‘गुलाब’ चक्रीवादळ आठवतं? 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. तिथून लातूर सुमारे आठशे किलोमीटर. माझी बहीण तिकडे मांजरा नदीच्या काठी दिली आहे, धनेगावच्या धरणाच्या खालच्या अंगाला. 27 आणि 28 तारखेला मराठवाड्यावर जे कोसळलं ते त्या वादळाचं उरलेलं पाणी होतं. धरण आधीच भरलेलं, 18 दरवाजे उघडावे लागले. सोयाबीन काढून लावलेल्या गंज्या वाहत जाताना तिने छतावरून पाहिल्या. त्याच 28 तारखेला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली, त्यात माणसं गेली. बहिणीच्या गावात ‘चक्रीवादळ’ हा शब्द आजही कुणी उच्चारत नाही, सगळे ‘एकवीसचा पूर’ म्हणतात. वादळ मात्र संपलं नव्हतं. उरलासुरला भोवरा महाराष्ट्र-गुजरात ओलांडून अरबी समुद्रात उतरला, ‘शाहीन’ हे नवं नाव घेऊन उठला आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळला.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. 2024 च्या 26 सप्टेंबरला रात्री (तारीखही तीच!) ‘हेलीन’ अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं. सर्वांत भयंकर पूर आला तो तिथून सहाशे किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत. अ‍ॅशव्हिल शहर साधारण आपल्या जुन्नरच्याच उंचीवर. त्या एका राज्यात शंभरहून जास्त माणसं मेली आणि अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला 53 दिवस लागले. एवढ्या साधनांच्या देशातही डोंगरातल्या लोकांना वाटलं होतं की वादळ ही समुद्रकाठची गोष्ट.

चक्रीवादळाच्या राष्ट्रीय प्रकल्पातून किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, भूमिगत वीजवाहिन्या टाकल्या गेल्या. किनाऱ्याच्या वाट्याचा एक रुपया इकडे वळवा असं मी म्हणणार नाही, कोकणाने जे सोसलंय ते आम्ही पाहिलंय. मला हवं ते स्वस्त आहे. वादळ किनारा ओलांडतं त्या क्षणी त्याच्या पुढच्या वाटेवरच्या तालुक्यांची नावं आणि वेळा मोबाइलवर याव्यात. मध्यंतरी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळवून चाचणी घेतली होतीत, तेच यंत्र वापरा. पुराचा इशारा जिल्ह्याच्या नावाने न देता नदीच्या नावाने द्या. ‘मांजरा’ म्हटलं की माझी बहीण उठेल, ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’ ऐकून ती कूस बदलेल.

जलसंपदा खातं तुमच्याकडे नाही, ठाऊक आहे. पण ‘गुलाब’ किनाऱ्यावर आल्यापासून मांजरेला पूर येईपर्यंत एक अख्खा दिवस हातात होता. वादळ पूर्व किनाऱ्यावर असतानाच भरलेल्या धरणांतून थोडं थोडं पाणी सोडायचं की नाही, हे दोन्ही खात्यांनी एका टेबलावर बसून ठरवायला काय हरकत आहे?

निकषांचंही तसंच. 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. माझ्याकडे मात्र पावसाने नव्हे, वाऱ्याने नुकसान केलं. महसूल मंडळांत बसवलेली ‘महावेध’ची हवामान केंद्रं वाऱ्याचा वेगही नोंदवतात. पंचनाम्याच्या वेळी तो आकडा कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. तो मागा. आणि फॉर्मवर दोन रकाने वाढवा, एक सांगाड्याचा, एक हिरड्याचा.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की बहिणीचा फोन येतो. सोयाबीन काढायचं असतं. “दादा, तिकडच्या समुद्रात काही आहे का रे?” मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून, डोळे बारीक करून बघतो आणि तिला सांगतो, काढ किंवा थांब. मी बारावी नापास आहे. हे काम माझ्याकडून काढून घ्यावं, ही विनंती.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी