नाडी ६२, आणि डोळ्यांपुढे अंधारी

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या उन्हाळ्याच्या चौकटीत छापलं होतं की नाडी जोरात चालायला लागली, तर अंगातलं पाणी कमी झालं समजा. माझ्यासारख्या मेटोप्रोलॉल (रक्तदाबाची, हृदयाचा वेग आवरणारी ‘बीटा ब्लॉकर’ गोळी) घेणाऱ्यांनी या खुणेवर विसंबू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

गेल्या मंगळवारी भर दुपारी कूलरच्या टाकीजवळ उकिडवा बसलो होतो. पारा ४५च्या वर. उठलो तशी डोळ्यांपुढे अंधारी आली. खिडकीचा गज धरला म्हणून वाचलो. मुलाने बोटाला ऑक्सिमीटर लावला. नाडी ६२. "बाबा, नाडी तर मस्त आहे!" मग दाब मोजला. बसून वरचा १२४ होता, उभ्याने ९८.

मी टेलिफोन खात्यातला लाइनमन, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं चटकन कळलं. मानेतली धमनी जिथे दुभंगते तिथे आणि महाधमनीच्या कमानीत संवेदी मज्जातंतूंची टोकं असतात. भिंत किती ताणली गेली, याची खबर ती सतत मेंदूला देतात. आपण उभे राहिलो की अर्धा लिटरभर रक्त खाली उतरतं, ताण घटतो, खबर जाते आणि हृदयाला वेग वाढवायचा हुकूम सुटतो. गोळी ही तार तोडत नाही. ती हृदयावरच्या बीटा ग्राहींवर, म्हणजे हुकूम झेलणाऱ्या जागांवर, ठाण मांडून बसते. लाइन चालू, पण पलीकडे फोन उचलू देत नाही! रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम मुख्यतः दुसऱ्या जातीच्या, अल्फा ग्राहींमार्फत जातो, तो चालू राहतो. म्हणून एरवी आपण धडपडत नाही. पण मे महिन्यात अंग गार ठेवायला कातडीखालच्या वाहिन्या सैलावलेल्या आणि घामाने पाणी गेलेलं. तो टेकूही डगमगतो.

मधुमेह्यांची गोष्ट आणखी अवघड. साखर उतरली की होणारी धडधड आणि थरथर या गोळीने दबते, घाम तेवढा सुटतो. आता नागपुरात मे महिन्यात घामाला खूण कोण मानणार?

हे ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी गोळीच बंद केली. चौथ्या दिवशी छातीत दुखून भरती. गोळीच्या काळात हृदयावर ग्राही वाढलेले असतात; ती अचानक थांबली की सगळे एकदम जागे होतात. शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं, त्यात या औषधांचा मोठा वाटा होता. आपल्या मनाने सोडायची गोळी नाही ही. माझा डोस डॉक्टरांनीच बदलला.

चौकट पुन्हा छापाल तेव्हा एक ओळ घाला: बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी नाडीवर न जाता दाब बसून आणि उभ्याने मोजावा. अक्षर जरा मोठं ठेवा. आम्ही बहुतेक चष्मेवाले.

— एक सेवानिवृत्त लाइनमन, नंदनवन, नागपूर