खरडलेल्या रानाचा पंचनामा करताना उपग्रहाचे फोटो पण बघा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापूर सगळीकडं पिकं गेली, त्यावर भरपूर बोलून झालं. पण पीक गेलं तर पुढच्या साली परत येतं हो, रानच खरडून गेलं त्याचं काय? काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडला, ते रान परत जमवायला गाळाच्या ट्रॉल्या ओढता ओढता माणूस म्हातारा होतो.

आणि खरडलेल्या रानाचा पंचनामा म्हणजे नुसता वाद. बांध वाहून गेलेला, हद्दीचा दगड सापडत नाही, नदीनं काठ खाल्लेला, मग तुझं किती गेलं आणि शेजाऱ्याचं किती हे ठरवायचं कशावरून? तलाठी भाऊसाहेबांनी तरी काय करावं, एका माणसाकडं तीन-तीन गावं, तो बांधावर उभा राहून नजरेनंच अंदाज घेणार.

आता वरून बघायची सोय आहे आणि ती फुकट आहे, हे सांगायला हे पत्र. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी आपल्यावरून फोटो काढतात, त्यातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात जवळपास एक गुंठा! अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका 30 मीटरचा, नऊएक गुंठ्यांचा, पण त्याचं रेकॉर्ड 1972 पासूनचं आहे, नदीनं पन्नास वर्षांत कुठं कुठं वळण बदललं ते बघायचं तर तेच कामाचं. काळं रान फोटोत गडद दिसतं, उघडा मुरूम आणि वाळू फिक्कट, त्यामुळं मे महिन्याचा आणि पाऊस उघडल्यावरचा फोटो शेजारी ठेवला की काठ कुठं तुटला ते शाळेतलं पोरगं पण दाखवेल. त्यावर गट नंबरचा नकाशा टाकला की झालं.

मधे ढगांची अडचण आहे हे खरं, ऐन पुरात साध्या फोटोत पांढरंच दिसतं. पण रडारवाले उपग्रह ढगातून बघतात, आपल्या इस्रोनं नासासोबत जुलै 2025 मध्ये सोडलेला निसार त्यातलाच, दर 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो.

आता कुणी म्हणेल मग तलाठी कशाला हवा. हवाच. साध्या फोटोत रुंदी कळते, खोली नाही. एक वीत माती गेली का कमरेएवढी, ते टिकाव घेऊन रानात गेल्याशिवाय कळत नाही, आणि दोन-तीन फुटांची घळ तर एक गुंठ्याच्या ठिपक्यात दिसणारच नाही. उद्या कुणी "उपग्रहात काय दिसत नाही, तुमचा अर्ज नामंजूर" असं म्हणायला लागला तर ही सोय असण्यापेक्षा नसलेलीच बरी. म्हणून फोटो पुरावा म्हणून जोडा, अर्ज उडवायला वापरू नका.

नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे उपग्रहाच्या फोटोंचं काम बघणारं केंद्र आहे, हैदराबादला इस्रोचं आहे, माणसं आणि यंत्रणा सगळं आहे. दरवर्षी मे अखेरीला सीना आणि भीमेच्या काठच्या प्रत्येक गावाचा फोटो गट नंबरासकट मोठा छापून चावडीत लावावा, आणि दिवाळीच्या आत पावसानंतरचा त्याच्या शेजारी. मोबाईलवर लिंक पाठवून भागवू नये, कागदावरच लावा, म्हाताऱ्या माणसांना बोट ठेवून बघता आलं पाहिजे.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी, जि. सोलापूर