बीव्हर्टनच्या काकांस, मॅश टनबद्दल मनापासून आभार

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांना वाचता येईल असं. घरी बिअर बनवून बघावी असं वाटणारी आपली मंडळी इथे अमेरिकेत, ओरेगनमध्ये आहेत, तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही हाताला लागावं. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे ठाऊक आहे.

पहिले आभार पान्या-व्हॉल्व्हचे नाहीत. तुम्ही दारूच्या थेंबालाही शिवत नाही, हे ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तुम्हाला विचारताना मी बिचकत होते. पिकनिकला सरबत न्यायच्या दहा गॅलनच्या गोल कूलरला धातूचा नळ बसवून त्याचा मॅश टन, म्हणजे भरडलेलं धान्य आणि गरम पाणी यांचं मिश्रण (मॅश) ठेवायचं भांडं करायचंय, हे मी कसंबसं सांगितलं. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत: आत पाणी किती गरम असणार, आणि किती वेळ? "मुलीच्या जातीनं, त्यात बिअर" हे वाक्य ऐकायची मनाची तयारी करून मी आले होते. तुमच्या घरात ते कुणी उच्चारलं नाही. तुमच्यापुढे होता तो गरम पाणी धरून ठेवणारा एक डबा, आणि तो गळता कामा नये, एवढंच. पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसानं माझ्या छंदाकडे काम म्हणून बघितलं. याचं मोल मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

काकूंचेही आभार. भरडलेल्या जवावर गरम पाणी ओतून तासभर ठेवायचं, मग तो गोड होतो, असं मी सांगत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळाच्या नाचणीच्या सत्त्वासारखंच की!" अगदी तेच. धान्याला मोड आणून वाळवलं की त्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम तयार असतात, म्हणून तर मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहते. जवाच्या माल्टमध्ये, म्हणजे असा मोड आणून वाळवलेल्या जवात, दोन एन्झाइम महत्त्वाची. बीटा अमायलेज साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमात असतं आणि यीस्टला खाता येणारी साखर करतं. अल्फा अमायलेजला ७० च्या आसपासची उष्णता मानवते. त्यानं बिअरला अंग, म्हणजे दाटपणा येतो. दोघांनाही काम करू द्यायचं तर मधला ६५ ते ६८ चा पट्टा तासभर टिकवायचा. शेगडीवरच्या पातेल्यात ते जिकिरीचं. आच वाढवली की तळाशी तापमान उडी मारतं, कमी केली की काठाशी घसरतं. जाड भिंतींचा कूलर मात्र तासात एखाद-दोन अंशच सोडतो, म्हणूनच इथले घरगुती ब्रूअर त्याच्यावर जीव टाकतात.

आता जोडणीकडे येते. तुम्ही माझ्या हातात पाना दिलात आणि स्वतः स्टुलावर बसून राहिलात. प्लॅस्टिकचा जुना नळ आतला नट फिरवून काढायचा, त्याचं मूळ रबरी सील मात्र फेकायचं नाही. कूलरचं भोक त्यातून जाणाऱ्या अर्ध्या इंची निपलपेक्षा (दोन्हीकडे आटे असलेल्या नळीच्या तुकड्यापेक्षा) थोडं मोठं असतं, ती फट त्या सीलनंच भरते. आतून सील, चकती, नट. बाहेरून ओ-रिंग, चकती आणि मग बॉल व्हॉल्व्ह. टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळायची, नाहीतर घट्ट करताना ती उलगडते. नट किती आवळायचा हे तर तुम्ही माझ्या मनगटालाच शिकवलंत: कूलरची भिंत मऊ असते, जास्त जोर लावला की रबर बाजूला पिळवटून निघतं आणि तिथूनच गळती लागते. रबर फुगल्यासारखं दिसलं की थांबायचं.

मग चाचणी. गार पाणी भरून, खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवायला लावलंत. कागद कोरडा निघाला तरी तुमचं समाधान नव्हतं. दुसऱ्यांदा ७५ अंशांचं पाणी भरायला लावलंत, कारण प्लॅस्टिक, रबर आणि स्टील तापल्यावर सारखे फुगत नाहीत. ज्या तापमानाला काम करायचं त्याच तापमानाला तपासायचं, हे मी आता ऑफिसातही पाळते.

आतल्या गाळणीसाठी बेसिनखालच्या पाण्याच्या कनेक्शनचा स्टीलची जाळी असलेला पाइप आपण वापरला. दोन्ही टोकं हॅक्सॉनं कापून आतली रबरी नळी ओढून काढली, राहिलेल्या जाळीचं एक टोक दुमडून बंद केलं, दुसरं व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला क्लॅम्पनं अडकवलं. ही युक्ती आणि तिच्याबरोबरची सोपी बॅच स्पार्ज पद्धत (पहिला रस काढल्यावर धान्यात एकदम पुन्हा गरम पाणी घालून उरलेली साखर धुऊन घ्यायची) अमेरिकेत लोकप्रिय करण्यात युजीनच्या डेनी कॉन यांचा मोठा वाटा आहे. युजीन आपल्याकडून दोन तासांवर. भोकांची तयार पत्री जाळीही मिळते, पण जवाचं टरफल हीच खरी गाळणी असते, स्टीलची जाळी फक्त ती अडवून धरते. म्हणून धान्य भरडायचं, त्याचं पीठ करायचं नाही. चक्कीतली फट साधारण एक मिलिमीटर.

तुमच्या दोन सूचना मी जन्मभर विसरणार नाही. पितळी भाग वापरायचा असेल तर पृष्ठभागावरचं शिसं आधी काढायचं. दोन भाग व्हिनेगर, एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात काही मिनिटं बुडवायचा. पितळ लोण्यासारखं पिवळं झालं की लगेच काढून धुवायचं. आणि झाकण! गोल कूलरचं झाकण बहुतेक वेळा आतून पोकळ असतं. बाजूला बारीक भोकं पाडून त्यात फुगणारा फोम भरायचं तुम्ही सुचवलंत, आणि डिसेंबरात माझ्या थंडगार गॅरेजमध्येही मॅशचं तापमान टिकलं.

गणित आपण तुमच्या वहीत मांडलं होतं, ते इथे उतरवते. पाच किलो भरड, पंधरा लिटर पाणी. धान्य २० अंशांना असेल आणि मॅश ६७ ला हवा असेल तर पाणी सुमारे ७३ ते ७४ अंशांचं घ्यायचं, कूलर आधी गरम पाण्यानं शेकून. तासानं बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर आयोडीन टाकायचं. काळंनिळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे. पहिला गढूळ रस हळूच परत वर ओतायचा, स्वच्छ आला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. धान्य किलोमागे साधारण लिटरभर पाणी पिऊन बसतं, म्हणजे दहा लिटर हाती येतात. मग पुन्हा सोळा लिटर गरम पाणी घालून ढवळायचं आणि उपसायचं. तासभर उकळून आटल्यावर पाच गॅलनची, म्हणजे एकोणीस लिटरची बॅच निघते.

हे सगळं इथे उजळ माथ्यानं करता येतं, कारण १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली: एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००, आणि विकायची नाही. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी हे वाचतील म्हणून सांगते, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. तिथे हा प्रयोग करू नका.

पहिली बिअर कॅस्केड हॉप्सची केली (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं). हे वाण कॉर्व्हॅलिसच्या संशोधन केंद्रातलं, १९७२ मध्ये बाहेर आलेलं, म्हणजे ओरेगनचीच लेक. संत्र्याच्या सालीसारखा तिचा वास तुम्ही बाटली उघडून घेतलात आणि "छान आलंय" म्हणालात. ती शाबासकी मला कुठल्याही स्पर्धेतल्या पदकापेक्षा मोठी आहे. उरलेल्या चोथ्याची काकूंनी थालीपिठं लावली, त्याची कृती मला अजून हवी आहे.

आता गव्हाची बिअर करायचा बेत आहे. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे मॅश तुंबतो. त्यावर इथली मंडळी भाताचं तूस मिसळतात. पोर्टलंडच्या स्टाइनबार्टमध्ये, १९१८ मध्ये सुरू झालेल्या त्या दुकानात, मी ते आणायला जाणार आहे. बाहेरची ओ-रिंग जरा कडक झाल्यासारखी वाटतेय. बदलायची तर सिलिकॉनची घेऊ का? माप तुमच्या वहीत असेल, तेवढं बघून कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
पाना धरायला शिकलेली शेजारीण