मोतुलचा कोश आणि सासष्टीचा कोश

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिशनऱ्यांनी सिद्ध केलेल्या हस्तलिखित कोशांचा विषय गोव्यात निघाला, की एक तर कृतज्ञता व्यक्त होते नाही तर संताप, आणि दोन्हींना आधार असला तरी कोश वाचायचे मात्र राहून जातात. मेक्सिको-ग्वाटेमालातील मूळ रहिवासी माया लोकांच्या भाषांच्या स्पॅनिश अमदानीतील कोशांचे पुढे काय झाले, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

मेक्सिकोच्या युकातान भागातील मानी येथे १५६२ मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. त्यांच्याच संघातील आंतोनियो दे सिउदाद रेआल यांच्या नावावर त्या शतकाच्या अखेरचा थोर माया-स्पॅनिश कोश सांगितला जातो. मोतुल गावाच्या नावाने तो ओळखतात. त्यात शब्दाच्या अर्थापाशी न थांबता तो बोलण्यात कसा येतो हे दाखवणारी माया वाक्येही दिली आहेत, आणि त्या कोशाचे खरे मोल मला तिथेच वाटते. ग्वाटेमालातील माया भाषांत तर कंठ आवळून उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनींसाठी रोमन लिपी अपुरी पडली, तेव्हा फ्रान्सिस्को दे ला पार्रा यांनी उलट्या तीनच्या आणि चारच्या आकड्यासारखी नवी अक्षरे योजली. नकलाकाराने त्यांची अदलाबदल केली की शब्दच बदलतो, त्यामुळे एकाच प्रतीवर विसंबून चालत नाही.

मोतुलचे हस्तलिखित आज अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे आहे, युकातानच्या माया भाषेचा दुसरा एक कोश व्हिएन्नात आहे. तरीही १९८० मध्ये मेरिदा येथे आल्फ्रेदो बारेरा वास्केस यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या कोर्देमेक्स कोशात असे अनेक जुने-नवे कोश एकत्र आणले गेले, आणि कोणता अर्थ कोणत्या कोशातून घेतला हे नोंदीतच आकड्यांनी दाखवले गेले. त्यामुळे अभ्यासकाला मूळ कोशापर्यंत माग काढता येतो आणि मिशनऱ्याचा धर्मप्रचाराचा हेतू जिथे अर्थात शिरला असेल तिथे तो पारखताही येतो.

आपल्याकडे गोव्यातील सासष्टीच्या जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या धर्मगुरूंचा कोश दियोगो रिबेरो यांनी बोलण्याच्या अनेक तऱ्हांची भर घालून १६२६ मध्ये सिद्ध केला. ज्या परंपरेत १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ आणि १६४० मध्ये रायतूरला छापलेले थॉमस स्टीफन्स यांचे व्याकरण झाले, त्याच परंपरेतले हे काम. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, तेव्हा त्याआधीच्या बोलीचा हा साक्षीदार किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको. ती भाषा कोकणी की मराठी, हा वाद तूर्त बाजूला ठेवावा, कारण वादासाठीसुद्धा मूळ मजकूर समोर असावा लागतो.

माझी विनंती अशी, की राज्य शासनाने कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज जाणणाऱ्यांची एक समिती नेमावी, गोव्याशी संबंधित हस्तलिखित कोशांच्या प्रतिमा मिळवाव्यात, आणि देवनागरी लिप्यंतरासह एकत्रित कोश तयार करून तो सर्वांसाठी खुला ठेवावा. प्रत्येक नोंदीपुढे मूळ हस्तलिखित व पान दिलेले असावे, आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे तर्काने शब्द न भरता तसे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक वाचक, फोंडा